सर्व्हर घेतला, पण दाराला कुलूप लावलं का?

एका भाड्याच्या मशीनवर घरातल्या सगळ्यांचं काम चालू शकतं. पण एक दार उघडं राहिलं तर सगळ्यांचंच सामान उघड्यावर पडतं. मुक्तस्रोत व्हर्च्युअलायझेशनचा सर्व्हर उभा करताना कोणत्या क्रमाने पुढे जायचं, ते समजून घेऊ या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास इंदूरहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा नुसता फुललेला. ‘‘मावशी, सर्व्हर भाड्याने घेतला. त्यावर प्रॉक्समॉक्सही टाकलं. बघ, माझ्या मोबाईलवर पॅनल उघडतंय!’’

मी हैदराबादला सर्व्हर सांभाळण्याचंच काम करते. त्यामुळे शाबासकी देण्याआधी तोंडातून प्रश्नच निघाला, ‘‘तुझ्या मोबाईलवर उघडतंय, म्हणजे जगातल्या कुठल्याही मोबाईलवर उघडत असेल ना?’’

तो गप्प झाला.

मी त्याला लॉगिनच्या नोंदी उघडायला सांगितल्या. सर्व्हर सुरू होऊन जेमतेम पाच तास झाले होते आणि फसलेल्या लॉगिनच्या ओळी संपता संपत नव्हत्या. रूट, ॲडमिन, टेस्ट अशी नावं घालून कुणीतरी एकामागून एक पासवर्ड लावून बघत होतं. हे सगळे इंटरनेटवर रात्रंदिवस दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम. त्यांना माझ्या भाच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कुठलं दार ढकलल्यावर उघडतं, एवढंच ते बघत होते.

मागून ताईचा आवाज आला. ती गाण्याचे क्लास घेते आणि तिचं सगळं काम याच सर्व्हरवर जाणार होतं. ‘‘अरे, त्यात लोकांच्या मुलांचे फोन नंबर आहेत. भावोजींच्या, म्हणजे तुझ्या काकांच्या, अशिलांचे हिशेब आहेत. कुणी घुसलं तर त्यांना काय तोंड दाखवायचं?’’

खरा मुद्दा तिने एका वाक्यात सांगितला होता. आपण सर्व्हर घेतो तेव्हा त्यात आपल्यापेक्षा इतरांचीच ठेव जास्त असते. म्हणून सामान लावण्याआधी कुलूप लावायचं. त्या रात्री आणि पुढच्या दोन रविवारी आम्ही मिळून जे केलं, ते इथे क्रमाने सांगते.

एक इमारत, अनेक बिऱ्हाडं

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक छोटे कॉम्प्युटर चालवणं. इमारत एक, पण बिऱ्हाडं वेगवेगळी. एका बिऱ्हाडात ताईच्या क्लासची वेबसाइट, दुसऱ्यात काकांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिसऱ्यात भाच्याचे कॉलेजचे प्रयोग. प्रयोग फसून तिसरं बिऱ्हाड कोसळलं तरी पहिल्या दोघांना धक्का लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच आपल्या अवाढव्य मशीनवर ती चालवून दाखवली होती. घरोघरच्या प्रोसेसरपर्यंत ती पोचली ती बरीच नंतर. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम नावाचा भाग २००७ मध्ये आला आणि साधं लिनक्स मशीनही इमारतीचं मालक होऊ शकलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातल्या एका छोट्या कंपनीने प्रॉक्समॉक्स व्हीई बाजारात आणलं. डेबियन लिनक्सवर उभं असलेलं हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. त्याचा कोड कुणीही वाचू शकतो आणि ते वापरायला पैसे पडत नाहीत. कंपनीची मदत हवी असेल तर तेवढी वर्गणी भरायची.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही या क्षेत्रातली बडी कंपनी विकत घेतली. लगेच तिचे कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं आणि सगळं वर्गणीवर आलं. तेव्हापासून प्रॉक्समॉक्सचं नाव छोट्या ऑफिसांतही ऐकू येऊ लागलं. नोकरीच्या दृष्टीनेही विद्यार्थ्यांनी हे शिकून ठेवण्यासारखं आहे.

यात बिऱ्हाडं दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार व्हर्च्युअल मशीन. हा स्वतंत्र फ्लॅट. त्याच्या भिंती, नळ, वीज, सगळं वेगळं. दुसरा प्रकार कंटेनर. ही वाड्यातली खोली. तिची कडी वेगळी, पण विहीर सगळ्यांची एकच, कारण सगळे कंटेनर मूळ मशीनचाच लिनक्स गाभा वापरतात. कंटेनर हलके असतात, मेमरी कमी खातात. पण ज्या कामात बाहेरचे लोक येणार किंवा ज्यात जोखमीचा डेटा आहे, त्याला फ्लॅट द्यावा. कंटेनर करायचाच तर ‘अनप्रिव्हिलेज्ड’ हाच प्रकार निवडा. नवा कंटेनर करताना तो आपोआप निवडलेला असतो, ती खूण काढू नका.

आता यातली गोम बघा. बिऱ्हाडं कितीही मजबूत असली तरी इमारतीच्या मालकाकडे प्रत्येक दाराची किल्ली असते. मूळ मशीनचं पॅनल ज्याच्या हातात, तो कुठलंही बिऱ्हाड बंद करू शकतो, पुसू शकतो, त्याची अख्खी डिस्क उचलून नेऊ शकतो. म्हणून इथे सगळी सुरक्षा सुरू होते ती मालकाच्या दारापासून.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नेमकं हेच घडलं. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या हजारो सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरस घुसला. त्याने एकेका बिऱ्हाडाची कडी वाजवली नाही. तो थेट मालकाच्या घरात गेला आणि सगळ्यांच्या डिस्क फायलींना स्वतःचं कुलूप ठोकून पैसे मागू लागला. फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं, तिच्यावरची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच आली होती. दोन वर्षं ती लावलीच गेली नव्हती आणि मशीन थेट इंटरनेटवर उघडी होती. सॉफ्टवेअर दुसरं असलं तरी धडा आपल्यालाही तोच.

तुम्हाला हे खरंच हवं आहे का?

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे डेटा सेंटरमधलं एक अख्खं मशीन, जे फक्त तुम्हालाच भाड्याने मिळतं. डिस्क बिघडली, वीज गेली तर ती जबाबदारी कंपनीची. त्यावर काय चालतं आणि ते किती सुरक्षित आहे, हे मात्र सर्वस्वी तुमचं काम. कंपनीचा माणूस येऊन तुमचं दार लावणार नाही.

म्हणून आधी स्वतःला विचारा. एकच छोटी वेबसाइट चालवायची असेल तर तयार होस्टिंग पुरेसं आहे. नुसतं शिकायचं असेल तर घरातला आठ जीबी मेमरीचा जुना डेस्कटॉप घ्या आणि त्यावर हवे तेवढे प्रयोग करा. तो घरच्या राऊटरमागे असतो, त्यामुळे चुका महाग पडत नाहीत. तीन-चार वेगवेगळी कामं आहेत, ती चोवीस तास चालायला हवीत आणि दर आठवड्याला थोडा वेळ देणारं माणूस घरात आहे, अशी स्थिती असेल तरच सर्व्हर भाड्याने घ्या.

घेताना चार गोष्टी बघा.

१. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय हवी. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. कधी कधी ती बायोसमध्ये बंद असते, तेव्हा सुरू करून घ्यावी लागते.

२. मेमरी सढळ हाताने घ्या. प्रॉक्समॉक्सला स्वतःला किमान दोन जीबी लागते. झेडएफएस ही डिस्क पद्धत वापरली तर दर टीबी डिस्कमागे साधारण एक जीबी आणखी धरा. बिऱ्हाडांची गरज त्यापुढे.

३. डिस्क दोन हव्यात, एकीचं प्रतिबिंब दुसरीवर ठेवण्यासाठी. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. पण हा बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फाईल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

४. दूरच्या स्क्रीनची सोय हवी, म्हणजे नेटवर्क तुटलं तरी मशीनचा पडदा आणि कीबोर्ड घरबसल्या वापरता यायला हवा. ही सोय नसेल तर एका चुकीच्या नियमाने तुम्ही स्वतःच बाहेर अडकाल.

मांडणी करताना

प्रॉक्समॉक्स टाकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, त्यांच्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉलरची फाईल घ्यायची आणि दूरच्या स्क्रीनवरून ती चालवायची. दुसरा, कंपनीने दिलेलं ताजं डेबियन टाकायचं आणि त्यावर प्रॉक्समॉक्सची पॅकेजं चढवायची. ज्यांना कंपनी स्वतःची फाईल चालवू देत नाही, त्यांना दुसरा मार्ग सोयीचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली नववी आवृत्ती डेबियन १३ वर चालते. त्यामुळे या मार्गाने जाताना दोघांच्या आवृत्त्यांची जोडी जुळते ना, हे आधी बघा.

फाईल उतरवल्यावर तिचा चेकसम ताडून पाहा. साइटवर दिलेली लांबलचक अक्षरमाला आणि तुमच्या फाईलची अक्षरमाला तंतोतंत सारखी हवी. दुधाची पिशवी घेताना आपण सील बघतो, तसंच हे.

टाकण्याआधी आणखी एक काम. बऱ्याच कंपन्या आपल्या ग्राहक पॅनलमध्ये स्वतःची एक फायरवॉल देतात. इन्स्टॉल सुरू करण्यापूर्वीच तिथे सगळं बंद करून फक्त तुमच्या सध्याच्या पत्त्याला वाट ठेवा. भाच्याने नेमकं हेच केलं नव्हतं. म्हणूनच पाच तासांत एवढे पाहुणे येऊन गेले. आम्ही नोंदी तपासल्या, कुणी आत शिरल्याचं दिसलं नाही. तरीही मी त्याला सगळं पुसून पुन्हा टाकायला लावलं. त्याने तोंड वाकडं केलं. पण शंका असलेल्या पायावर घर बांधू नये. रिकामं मशीन पुन्हा मांडायला एक तास लागतो. भरलेलं मशीन धुऊन काढायला महिना पुरत नाही.

पहिला तास कुलपांचा

पहिलं कुलूप : कंपनीचं खातं. सगळे सर्व्हरकडे बघतात आणि हे विसरतात. होस्टिंग कंपनीच्या खात्यात कुणी शिरलं तर तो तुमचा सर्व्हर पुसून नवा करू शकतो. त्या खात्याला आणि त्याला जोडलेल्या ई-मेलला दुहेरी पडताळणी आधी लावा.

दुसरं कुलूप : पासवर्डऐवजी किल्ली. सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याचा जो एसएसएच मार्ग आहे, त्याला पासवर्डऐवजी डिजिटल किल्लीची जोडी वापरा. एक अर्धा तुमच्या लॅपटॉपवर, दुसरा सर्व्हरवर. लॅपटॉपवरच्या किल्लीलाही स्वतःचा सांकेतिक शब्द ठेवा. किल्लीने लॉगिन होतं हे दुसऱ्या खिडकीत तपासा आणि मगच पासवर्डने शिरण्याची सोय बंद करा. पहिली खिडकी तोवर बंद करू नका. हा नियम लिहून भिंतीवर लावावा असा आहे.

तिसरं कुलूप : प्रत्येकाला स्वतःचं नाव. रोजच्या कामाला रूट खातं वापरू नका. पॅनलमध्ये प्रत्येकासाठी वेगळं खातं करा आणि गरजेपुरतेच अधिकार द्या. काकांना फक्त त्यांचं हिशेबाचं मशीन सुरू-बंद करता आलं तर पुरे. प्रत्येक खात्याला मोबाईलवरच्या सहा आकडी कोडची दुहेरी पडताळणी लावा. प्रॉक्समॉक्समध्ये ही सोय आधीपासून आहे. सोबत मिळणारे आपत्कालीन कोड कागदावर छापून कपाटात ठेवा, कारण मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो, रिक्षात राहतो.

चौथं कुलूप : फायरवॉल, पण क्रमाने. प्रॉक्समॉक्सची स्वतःची फायरवॉल उत्तम आहे, मात्र नव्या मशीनवर ती बंद असते. ती सुरू करताच बाहेरून येणारी सगळी वाहतूक थांबते. सूट मिळते ती फक्त मशीनच्या स्थानिक नेटवर्कवरून येणाऱ्यांना. तुम्ही तर इंदूरमध्ये, मशीन भलतीकडे. म्हणजे घाईने बटण दाबलंत की पहिले बाहेर तुम्हीच. म्हणून आधी तुमच्यासाठी परवानगीचा नियम लिहा, तो दोनदा वाचा आणि मग बटण दाबा. दूरची स्क्रीन बाजूला उघडी असू द्या. आयपीव्ही ६ या नव्या पत्त्यांसाठीही नियम लागू आहेत का, तेही बघा. पुढचं दार बंद करून मागचं सताड उघडं ठेवण्याचा प्रकार इथे वारंवार होतो. १११ क्रमांकाचा पोर्टही बाहेरून बंद हवा. तिथे ऐकत बसलेल्या सेवेचा वापर करून दुसऱ्यांवर हल्ले चढवले जातात आणि तक्रारीचा मेल मात्र तुम्हाला येतो.

पाचवं कुलूप : खासगी बोगदा. पॅनल ८००६ क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं. ते जगाला दिसण्याची काहीच गरज नाही. ‘फक्त माझ्या घरच्या पत्त्यालाच परवानगी’ असा नियम करावा, तर आपल्याकडे घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता अधूनमधून बदलतो आणि मोबाईल नेटवर तर एकाच पत्त्यामागे असंख्य लोक असतात. यावर उपाय म्हणजे वायरगार्ड. हे मुक्तस्रोत व्हीपीएन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सर्व्हरवर आणि मोबाईलवर ते लावा, बाहेर फक्त त्याचा एक पोर्ट उघडा ठेवा आणि पॅनल व एसएसएच दोन्ही या बोगद्यातूनच उघडतील असं करा. ज्याच्याकडे किल्ली नाही, त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही.

हे पाचही झाल्यावर भाच्याने पुन्हा नोंदी उघडल्या. ओळी थांबल्या होत्या. ‘‘मावशी, एकदम शांत झालं गं,’’ तो म्हणाला. अंगणातलं भुंकणं थांबल्यावर वाटतं, तसं आम्हा दोघांनाही वाटलं.

गेट एकच ठेवा

आता बिऱ्हाडं वसवायची. इथे डेडिकेटेड सर्व्हरची एक खास अडचण असते. घरच्या नेटवर्कवर प्रत्येक व्हर्च्युअल मशीन थेट राऊटरला जोडलं तरी चालतं. डेटा सेंटरमध्ये मात्र अनेक कंपन्या ओळखीच्या नसलेल्या नेटवर्क कार्डाची वाहतूक दिसली की इशारा पाठवतात, कधी सर्व्हरच बंद करतात. त्यामुळे ‘व्हिडिओत दाखवलं तसं केलं आणि नेटच गेलं’ ही तक्रार नवशिक्यांकडून नेहमी ऐकू येते.

सोपी वाट अशी. सर्व्हरच्या आतच एक खासगी नेटवर्क तयार करा. बिऱ्हाडांना त्यातले अंतर्गत पत्ते द्या. सोसायटीत इंटरकॉमचे नंबर असतात तसे. बाहेर जाताना सगळ्यांनी सर्व्हरच्या एकाच पत्त्याने जायचं आणि बाहेरून येणाऱ्याने एकाच गेटवर थांबायचं. त्या गेटवर एक छोटं मशीन ठेवा, जे येणाऱ्याला विचारून क्लासच्या वेबसाइटकडे किंवा योग्य त्या ठिकाणी पाठवेल. काकांच्या हिशेबाच्या मशीनला बाहेरून वाटच ठेवू नका. ते फक्त बोगद्यातून उघडू द्या.

भाच्याचे प्रयोग आणि ताईचा क्लास एकाच अंतर्गत नेटवर्कवरही ठेवू नका. शिकणाऱ्याच्या मशीनवर चुका होणारच. त्या शेजारच्या घरात शिरू नयेत एवढी भिंत हवी.

लाल ओळीकडे दुर्लक्ष नको

प्रॉक्समॉक्स टाकल्यावर नवशिके एका जागी हमखास अडखळतात. अपडेट घ्यायला जावं तर लाल अक्षरात चूक दिसते. कारण साधं आहे. सुरुवातीला अपडेटचा जो साठा जोडलेला असतो, तो वर्गणी भरणाऱ्यांसाठी असतो. वर्गणी नसेल तर पॅनलमधूनच तो बंद करून विनावर्गणी साठा जोडायचा. दोन मिनिटांचं काम. पण अनेकजण ‘फुकट आहे, म्हणून अपडेट नसतील’ असं समजून ती लाल ओळ सोडून देतात आणि मशीन महिनोन् महिने जुन्या त्रुटी घेऊन चालत राहतं. व्यवसाय यावर अवलंबून असेल तर वर्गणीचा विचार जरूर करा, तिथली पॅकेजं जास्त पारखून आलेली असतात.

अपडेट म्हणजे फक्त मालकाचं मशीन नव्हे. प्रत्येक बिऱ्हाडातलं लिनक्स, वेबसाइटचं सॉफ्टवेअर, तिची छोटी प्लगइन, सगळ्यांचं वेगळं करावं लागतं. लिनक्सचा गाभा बदलला की मशीन एकदा बंद-चालू केल्याशिवाय नवा गाभा लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. ताईचे क्लास नसतात अशी वेळ आम्ही निवडली, रविवार दुपार.

बॅकअप दुसऱ्या छपराखाली

१० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत जळून खाक झाली, शेजारच्या इमारतीलाही झळ बसली. सुदैवाने माणसं सगळी वाचली. पण लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांनी बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवला होता, ते काही दिवसांत उभे राहिले. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता किंवा नव्हताच, त्यांचं कायमचं गेलं. रस्ट या ऑनलाईन खेळाच्या युरोपातल्या २५ सर्व्हरचा डेटा परत मिळालाच नाही.

म्हणून जुना ३-२-१ नियम पाळा. प्रती तीन, माध्यमं दोन आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या गावात. पॅनलमधलं ‘स्नॅपशॉट’चं बटण सोयीचं असतं, पण तो त्याच डिस्कवर राहतो, त्यामुळे तो बॅकअपमध्ये धरू नका.

याच कंपनीचं प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर नावाचं वेगळं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ते रोज फक्त बदललेला भाग पाठवतं, त्यामुळे जागा आणि डेटा दोन्ही वाचतं. पाठवण्याआधी सगळं कूटबद्ध करण्याचीही सोय आहे, म्हणजे ज्या मशीनवर बॅकअप आहे त्यालाही आतलं वाचता येत नाही. भाच्याने दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीकडे छोटी जागा घेतली आणि रोज रात्री दोन वाजता बॅकअप लावला. शिवाय दर आठवड्याला घरच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत. बॅकअप पाठवणाऱ्या खात्याला जुन्या प्रती पुसण्याचा अधिकार दिला नाही. उद्या कुणी मूळ सर्व्हरमध्ये घुसलं तरी त्याच खात्याने बॅकअप पुसता येऊ नये, यासाठी.

पंधरा दिवस रोज सकाळी हिरवी खूण दिसत होती. भाचा खूश होता.

परत आणून दाखव

तिसऱ्या रविवारी मी त्याला फोन केला. ‘‘समज, आज तो सर्व्हर जळाला. त्याला हात न लावता आईचा क्लास घरच्या जुन्या डेस्कटॉपवर उभा करून दाखव.’’

त्याने डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स टाकलं, बॅकअपची जागा जोडली. पंधराही दिवसांच्या प्रती यादीत व्यवस्थित दिसल्या. परत आणण्याचं बटण दाबलं आणि मशीनने किल्ली मागितली. कूटबद्ध करण्याची किल्ली. ती होती कुठे? त्याच भाड्याच्या सर्व्हरवर, ज्याला आम्ही जळालेला धरलं होतं. दुसरीकडे कुठेही नव्हती.

खरंच आग लागली असती तर पंधरा हिरव्या खुणा घेऊन आम्ही नुसतं बघत बसलो असतो. ताईचे सात वर्षांचे रेकॉर्डिंग समोर असून बंद पेटीत राहिले असते.

भाच्याने मूळ सर्व्हरवरून किल्ली उतरवून घेतली. या सॉफ्टवेअरमध्ये किल्ली कागदावर छापण्याची सोय आहे, क्यूआर कोडसकट. तिच्या दोन प्रती काढल्या. एक ताईने घराच्या कागदपत्रांसोबत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, दुसरी लिफाफ्यात बंद करून माझ्याकडे हैदराबादला पाठवली. मग पुन्हा बटण दाबलं. तासाभराने जुन्या डेस्कटॉपवर क्लासचं मशीन उभं राहिलं. ताईने २०१९ मधलं एका मुलीचं रेकॉर्डिंग लावलं. सूर थोडा खाली होता. ‘‘हिची आता विशारद होतेय,’’ ती म्हणाली.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एकदा ते सर्व्हर जळाल्याचं नाटक करतात.

रविवारची पंधरा मिनिटं

सर्व्हर एकदा लावला आणि विसरला असं होत नाही. ही छोटी यादी फ्रिजवर चिकटवा.

• बॅकअप यशस्वी झाला का? शेवटची तारीख कोणती?

• मालकाच्या मशीनचे आणि प्रत्येक बिऱ्हाडाचे अपडेट घेतले का?

• डिस्क किती भरली? नव्वद टक्के झाली की जागं व्हा.

• डिस्कच्या तब्येतीचा अहवाल काय सांगतो? दोन्ही डिस्क चालू आहेत ना?

• अनोळखी लॉगिन, अनोळखी खातं, न ओळखता येणारं मशीन दिसतंय का?

• ज्याचं काम संपलं, त्याचं खातं आणि किल्ली बंद केली का?

• चुकांचे मेल तुमच्यापर्यंत येतात ना? एकदा चाचणीचा मेल पाठवून बघा.

आणि तरीही काही विपरीत घडलंच तर घाबरून मशीन पुसू नका. आधी कंपनीच्या पॅनलमधून त्याचं नेटवर्क तोडा, नोंदींची प्रत काढा, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदला, मग बॅकअपमधून नवं उभं करा. व्यावसायिक संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावी, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या हेल्पलाईनवर लगेच फोन करा. ज्यांचा डेटा गेला, त्यांनाही स्वतःहून सांगा. ते अवघड असतं, पण दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या मित्राने सर्व्हर घेतलाय, पॅनल मोबाईलवर उघडतंय म्हणून खूश आहे. ‘‘मग तू काय म्हणालास?’’ मी विचारलं.

‘‘म्हटलं, आधी माझ्या मोबाईलवर उघडतंय का बघू दे.’’

‘‘आणि?’’

‘‘उघडलं ना. आज रात्री जेवायला बोलावलंय त्याला. लॅपटॉप घेऊनच ये म्हटलंय.’’